हिरवे टिंब, नारिंगी टिंब

टिंबाचे महत्त्व कवीला कुणी वेगळे सांगायला नको. मराठीत ‘मद’वर टिंब दिले की ‘मंद’ होते. उर्दू लिपीत ‘दुआ’वर एक नुक्ता पडला की ‘दगा’ वाचला जातो. आता असेच एक टिंब आपल्या मोबाइलच्या पडद्यावर वरच्या बाजूला उगवू लागले आहे. तेही वाचता आले पाहिजे.

आमचे उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. इथली मुले पुण्याला, हैदराबादला कामाला जातात आणि संध्याकाळी घरोघरी व्हिडिओ कॉल सुरू होतात. शेजारची सून मला म्हणाली, “चाचा, आईशी बोलताना फोनवर हिरवं टिपकं लागतंय. बिघडलाय का काय?” फोन बिघडलेला नव्हता. कॅमेरा चालू आहे, एवढेच तो सांगत होता.

ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या आयफोनमध्ये ही सोय आणली. तिथे नारिंगी टिंब म्हणजे मायक्रोफोन चालू आणि हिरवे टिंब म्हणजे कॅमेरा चालू. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, अँड्रॉइडच्या १२व्या आवृत्तीत ती आली. अँड्रॉइडवर दोन्हींसाठी हिरवाच रंग आहे. आधी कॅमेऱ्याचे किंवा माइकचे छोटे चित्र दिसते, मग ते आकसून टिंब होते. पडदा वरून खाली ओढून त्या खुणेवर बोट ठेवले की कोणते ॲप कॅमेरा किंवा माइक वापरते आहे, त्याचे नाव समोर येते. त्याआधीच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर मात्र टिंब दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तिथे ही सोयच नाही.

हे टिंब ॲप काढत नाही, फोनची मूळ यंत्रणा काढते. म्हणून साध्या ॲपला ते लपवता येत नाही. आपण बोलत असताना, फोटो काढताना किंवा बोलून काही शोधताना ते लागले तर काळजी नको. पण फोन नुसता टेबलावर पडला आहे, आपण काही करत नाही आणि टिंब लागले, तर लगेच नाव पाहावे. विजेरीच्या किंवा पत्त्यांच्या खेळाच्या ॲपला आपला आवाज कशाला हवा? सेटिंगमध्ये जाऊन त्याची परवानगी काढून घ्यावी. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत गेल्या चोवीस तासांत कॅमेरा, माइक आणि ठिकाण कोणी वापरले, याचा तक्ताही मिळतो.

मात्र टिंबाची नजर आखूड आहे. संपर्कयादी, फोटो आणि एसएमएस कुणी वाचले तर ते लागत नाही. आपल्या भागात खरा घाव तिथेच बसतो. झटपट कर्ज देणारी काही ॲप्स फोनमधले सगळे नंबर उचलत आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून माणसाची अब्रू काढत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲप्सना संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फोनमधल्या फाइलींना हात लावू नये, असे बजावले. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरील कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि संपर्कयादी बंद केली. पण लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल या दुकानातून येतच नाही. ती उघडून एसएमएसची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती जातो आणि पडद्यावर एकही टिंब लागत नाही.

दुसरी मर्यादा अशी, की टिंब समोरच्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत खाकी गणवेशातला माणूस तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतो. तेव्हा हिरवे टिंब लागलेलेच असते. टिंब खरे असते, पोलीस खोटा असतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरच्या ‘मन की बात’मध्येही हेच सांगितले होते. असा फोन आला तर तो तोडावा. पैसे गेलेच, तर उशीर न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

पेगॅसससारखे हेरगिरीचे सॉफ्टवेअर ही आणखी वेगळी गोष्ट. ते फोनच्या मूळ यंत्रणेवरच ताबा मिळवते, त्यामुळे तिथे टिंबावर भरवसा ठेवता येत नाही. पण ती महागडी हत्यारे निवडक माणसांवर चालतात. तुमच्या-माझ्या दारात येतो तो भुरटा चोर, आणि त्याला आपण दिलेली परवानगीच पुरते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क शहरातल्या शिकलेल्यांपुरता नाही. शेतमजुराच्या फोनलाही तो आहे. म्हणून घरातल्या थोरांजवळ दहा मिनिटे बसा. त्यांच्या फोनमधल्या परवानग्या त्यांच्यादेखत एकेक वाचून दाखवा, नको त्या बंद करा. आणि टिंब लागले की काय करायचे, हे त्यांच्याच बोटाने एकदा करून घ्या.