शिंगणापुरातून ध्रुवीय प्रकाश दिसेल?

एरवी नाही. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेने वेग घेतलेले विद्युतभारित कण चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात वातावरणात शिरतात आणि तिथला ऑक्सिजन, नायट्रोजन उजळतो. शनिशिंगणापूर साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर, त्या पट्ट्यापासून फार दूर.

पण अशक्यही म्हणवत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या प्रचंड सौरवादळात हा प्रकाश मुंबईतून दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई तर शिंगणापूरच्याही दक्षिणेला! त्याआधी, सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची कुलाबा वेधशाळेने घेतलेली चुंबकीय नोंद जगभरचे अभ्यासक आजही वापरतात. ट्रामच्या विजेचा व्यत्यय टाळण्यासाठी पुढे हे नोंदींचे काम अलिबागला हलले.

मे २०२४ मध्ये लडाखातल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगतची लाल आभा टिपली. लालच का? हिरवा प्रकाश शंभर-दीडशे किलोमीटरवर, लाल त्याहून बराच उंच. म्हणून दुरून फक्त लाल वरचा भाग क्षितिजावर डोकावतो.

तेव्हा अतितीव्र भूचुंबकीय वादळाची बातमी आली, तर देवस्थानाच्या दिव्यांपासून लांब, उत्तरेकडे मोकळ्या रानात कॅमेरा स्टँडवर लावावा आणि दहा-पंधरा सेकंदांचे फोटो घ्यावेत.

हे देवस्थान ज्या शनीचे, त्या शनी ग्रहावरही ध्रुवीय प्रकाश असतो. हबल दुर्बीण आणि कॅसिनी यानाने तो टिपला. तो मुख्यतः अतिनील असल्याने घरच्या दुर्बिणीतून दिसत नाही. शनीची कडी मात्र दिसतात.