उशिरा भेटलेले वाचक

लेखकाला वाचक केव्हा भेटावेत, याला काही नियम नाही. कोणाला ते विशीतच भेटतात, कोणाला केस पिकल्यावर, तर कित्येकांना डोळे मिटल्यानंतर. तरुण लेखकाच्या कौतुकात उद्याची उत्सुकता असते. हा पुढे काय लिहील, याकडे वाचकांचे लक्ष लागलेले असते. उतारवयात भेटलेले वाचक मात्र मागचे विचारतात. आजवर काय पाहिले, काय सोसले, ते सांगा, असा त्यांचा आग्रह असतो. सरलेल्या साऱ्या आयुष्याला कोणीतरी कान द्यावा, या सुखाची जातच निराळी. मराठीत हे सुख ज्यांच्या वाट्याला आले, त्यांत लक्ष्मीबाई टिळकांचे नाव प्रथम घ्यावे लागेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. आजोळच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झालेली; वडील सोवळ्याओवळ्याच्या वेडाने पछाडलेले. अशा घरातून बालवयातच त्या नारायण वामन टिळकांची पत्नी होऊन बाहेर पडल्या. टिळक थोर कवी. परंतु संसाराच्या हिशेबात न बसणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, आणि जातिभेदाची व सोवळ्याची बंधने मनातून गळून पडल्यावर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती टिळकांकडूनच. त्या कविता करीत. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले व त्याचे ६४ अध्याय लिहिले. तरीही लोकांच्या लेखी त्या मुख्यतः टिळकांच्या पत्नीच होत्या.

पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. मागणी होती पतीविषयीच्या माहितीची. पण आठवणी सांगू लागल्यावर सांगणारी व्यक्ती पडद्याआड कशी राहणार? वडिलांचे सोवळे, सासरचा जाच, टिळकांचे अचानक घर सोडून जाणे, रिकाम्या डब्यांवर चाललेला संसार, या सर्वांबरोबर त्या स्वतःही कागदावर उतरल्या. आधी नियतकालिकातून क्रमशः आणि मग ग्रंथरूपाने ‘स्मृतिचित्रे’ लोकांपुढे आली. पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय होते ६६ वर्षांचे.

वाचकांनी या पुस्तकाला जवळ केले, याचे कारण उशिरा येण्यातच दडलेले आहे. हे प्रसंग घडले तेव्हाच लिहिले गेले असते, तर त्यांत रडणे आले असते, कदाचित तक्रारही. मधल्या चार तपांनी दुःखाची धार बोथट केली आणि विनोदाला जागा करून दिली. ज्या फजितीने एके काळी डोळ्यांत पाणी आणले, तिच्याकडे पाहून लेखिका स्वतःच हसते आणि वाचकालाही हसविते. पतीचा विक्षिप्तपणा ती लपवीत नाही. पण त्याच्यावरचे प्रेमही ओळीओळीतून झिरपत राहते. शिवाय ग्रंथांची भाषा तिला ठाऊकच नव्हती. ओसरीवर बसून शेजारणीला सांगावे, तशा साध्या बोलीत ती लिहीत गेली. ज्यांचा संसार असाच गेला, पण ज्यांना तो कधी सांगता आला नाही, त्या असंख्य स्त्रियांना आपलाच आवाज छापून आल्यासारखे वाटावे, असे हे लेखन आहे.

हे भाग्य सर्वांना लाभत नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या बंडात उत्तर हिंदुस्थानात जे पाहिले, ते चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहून ठेवले. परंतु ‘माझा प्रवास’ छापून निघाले १९०७ साली, गोडसे भटजींच्या मृत्यूनंतर. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली १९५२ साली. जात्यावर आणि शेतात ज्यांनी ती रचली, त्यांना आपले पुस्तक हाती घेता आले नाही. लक्ष्मीबाईंनाही फार अवधी मिळाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. चौथा भाग अपुरा राहिला; तो देवदत्तांनी पुरा केला. वाचकांचा सहवास लाभला तो जेमतेम दीड-दोन वर्षांचा. परंतु तो जिवंतपणी लाभला.

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. हजारो वाचकांच्या आधी एक ऐकणारा होता. गोडसे भटजींना वैद्य भेटले. बहिणाबाईंची गाणी टिपून ठेवणारा पुत्र सोपानदेव घरातच होता. लक्ष्मीबाईंपाशी देवदत्त बसले. त्यांनी विचारले नसते, तर हे सारे धन त्या त्या माणसांबरोबर नाहीसे झाले असते. लक्ष्मीबाईंचे पुस्तक पुढे इंग्रजीतही गेले. २०१७ साली शांता गोखले यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. इतक्या दूरवरच्या वाचकांपर्यंतची ही वाट घरातील एका विचारण्यापासून निघाली. कित्येक घरांत आजही कोणी वृद्ध आजी माजघरात जुन्या गोष्टी पुटपुटत बसलेली असते. तिला वाचक मिळतील की नाही, हे कोण सांगणार? पण तिच्यापाशी घटकाभर बसून ‘मग पुढे काय झाले?’ एवढे विचारणे घरातील कोणालाही शक्य आहे.