गुळवेलीचा वाद आणि शोधनिबंधाची नैतिक जबाबदारी

शोधनिबंध लिहिणे व प्रसिद्ध करणे हे महाविद्यालयातील अध्यापकांचे काम असून, चिकित्सालयात बसणाऱ्या वैद्याचा किंवा काष्ठौषधींच्या दुकानदाराचा त्याच्याशी संबंध येत नाही, असा समज आपल्या व्यवसायात रूढ आहे. हा समज अपुरा आहे, हे २०२१ साली गुळवेलीवरून उद्भवलेल्या वादाने दाखवून दिले. त्या वादाकडे आपल्यापैकी अनेकांनी आयुर्वेद विरुद्ध आधुनिक वैद्यक असा सामना म्हणून पाहिले. आमच्या मते तो प्रामुख्याने शास्त्रीय प्रकाशनाच्या नीतीचा प्रश्न होता, आणि त्याचे एक टोक औषधी दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचत होते.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पाहिलेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाला. कोरोनाच्या साथीत रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून या रुग्णांनी गुळवेलीचे सेवन केले होते व त्यानंतर त्यांना यकृतविकार जडला. विकाराचे स्वरूप स्वयंप्रतिकारजन्य यकृतशोथाशी मिळतेजुळते होते, असे लेखकांचे निरीक्षण होते. वर्तमानपत्रांनी हे वृत्त उचलले आणि महिनाभर प्रत्येक वैद्याला रुग्णांच्या एकाच प्रश्नाला उत्तर द्यावे लागले.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या निबंधावर आक्षेप घेतला. रुग्णांनी जी वनस्पती घेतली तिचे विश्लेषण लेखकांनी केलेले नाही, ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुळवेलच होती याची खात्री करून घेणे ही लेखकांची जबाबदारी होती, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या जातीशी तिची गल्लत झालेली असू शकते, असा त्या आक्षेपाचा आशय होता.

आक्षेपाचा पहिला भाग आम्हास पूर्णतः मान्य आहे. ज्या द्रव्यावर दोषारोप करावयाचा त्या द्रव्याची ओळख सिद्ध करणे ही लेखकाची पहिली नैतिक जबाबदारी होय. मात्र दुसऱ्या भागाबाबत स्पष्ट बोलणे भाग आहे. टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल मुख्यतः आग्नेय आशियात व आपल्या देशाच्या ईशान्य भागात आढळते. मुंबईतील ६ रुग्णांच्या हाती ती पडली असेल, ही शक्यता म्हणून मांडता येते. परंतु नमुना त्यांच्याही हाती नव्हता आणि आपल्याही नाही. पुराव्यावाचून गुळवेलीला दोषी ठरविणे जसे अयोग्य, तसेच पुराव्यावाचून तिला निर्दोष ठरविणेही अयोग्यच.

वादाचा निकाल ज्या एका गोष्टीने लागला असता ती म्हणजे रुग्णाने घेतलेल्या गुळवेलीचा नमुना. तो कोणापाशी असावयास हवा होता? रुग्णालयात रुग्ण येतो तेव्हा बहुधा औषध संपलेले असते. ते विकणाऱ्याने त्या मालाचा थोडा अंश राखून ठेवला असता व तो कोठून आला याची नोंद केली असती, तरच काही हाती लागले असते. म्हणून आम्ही म्हणतो की शोधनिबंधाची नीती लेखकाच्या लेखणीपूर्वीच, माल पोत्यातून काढताना सुरू होते.

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा विशेष लागू पडतो. साकोली, लाखनी, पवनी या तालुक्यांच्या जंगलालगतच्या गावांत कडुनिंबावरची गुळवेल ओळखून आणणारी जाणती माणसे आजही आहेत. वनस्पतीचे नाव व रूप गुराख्यांना आणि वनात राहणाऱ्यांना ठाऊक असते, वैद्याने ते त्यांच्याकडून जाणून घ्यावे व त्यापुढे जाऊन तिचा योग्य उपयोग समजून घ्यावा, असा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आला आहे. ओली वेल पानांसह समोर असेल तर फारशी अडचण येत नाही. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाकृती व गुळगुळीत असते, टिनोस्पोरा सायनेन्सिस म्हणजे पद्मगुळवेलीच्या पानाची खालची बाजू लवदार असते, तर क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. परंतु वाळलेल्या तुकड्यांत पान नसते, आणि भरडीत किंवा चूर्णात तर डोळ्यांना काहीच कळत नाही. तेथे सूक्ष्मदर्शक व टी.एल.सी. परीक्षणच लागते. संशमनी वटीसारख्या घनापासून केलेल्या कल्पात ओळख पटविणे आणखी कठीण होते.

तेव्हा दुकानदार बंधूंनी एवढे करावे. ओला माल घेताना आणणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक व वेल कोणत्या झाडावरची हे वहीत लिहावे. प्रत्येक खेपेतील मूठभर तुकडे, शक्य तर वाळविलेल्या पानासह, कागदी पाकिटात दिनांक घालून निदान त्या मालाची विक्री संपून वर्ष होईपर्यंत ठेवावेत. तयार औषधाच्या पावतीवर बॅच क्रमांक लिहावा. यात खर्च जवळजवळ नाही. असे नमुने ठेवण्याची शिस्त मोठ्या कारखान्यांत असते. लहान दुकानात ती नसावी याला कारण केवळ सवय.

पुढे २०२२ साली ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेवनास आरंभ केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. या रुग्णांत सर्वाधिक आढळलेला प्रकार म्हणजे आधीच असलेला जीर्ण यकृतविकार एकाएकी बळावणे. सुप्तावस्थेतील स्वयंप्रतिकारजन्य यकृतविकार गुळवेलीमुळे प्रकट होऊ शकतो, असे मत लेखकांनी मांडले. मंत्रालयाने मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये गुडूची सुरक्षित असल्याचे पुन्हा सांगितले व ती वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी असेही सुचविले. या दोन्ही विधानांतील अर्थ चिकित्सकाने आपल्यापुरता काढावयाचा आहे. ज्याची प्रकृती, अग्नी व पूर्वव्याधी कोणीही तपासलेली नाही, अशा व्यक्तीने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दोन-दोन महिने रोज काढा पिणे, याला आयुर्वेद म्हणावे काय? स्वयंप्रतिकारजन्य व्याधी किंवा जीर्ण यकृतविकार असलेल्या रुग्णास गुळवेल देण्यापूर्वी यकृताची तपासणी करून घेणे आणि मध्यंतरी ती पुन्हा करणे, एवढी सावधगिरी या निबंधांपासून आपण नक्कीच घेऊ शकतो. टीका परक्याकडून आली म्हणून ती वाचूच नये, ही वृत्ती तद्विद्यसंभाषेचे नियम सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना शोभत नाही.

आता आपल्या लेखनाकडे वळू. आपल्या नियतकालिकांतून जी रुग्णवृत्ते छापून येतात त्यांत रुग्ण बरा झाल्याचीच असतात. बरा न झालेला, मध्येच औषध सोडून गेलेला किंवा औषधाने त्रास झालेला रुग्ण कोठेही दिसत नाही. अशा रुग्णांवाचून कोणाचेही चिकित्सालय चालत नाही, हे आपण सर्व जाणतो. मग ते छापील पानावर का नसावेत? वाचणारा तरुण वैद्य त्या लेखावर विसंबून आपल्या रुग्णास तेच औषध देणार असतो, आणि यश तेवढे सांगून अपयश झाकले तर त्याची फसवणूक होते व तिची किंमत रुग्ण मोजतो. रुग्णवृत्त कसे लिहावे यासाठी केअर नावाची मार्गदर्शक सूत्रे २०१३ साली प्रसिद्ध झाली आहेत. त्यांत घटनांचा कालक्रम, प्रतिकूल परिणाम आणि रुग्णाची लेखी संमती यांना स्थान आहे. संमतीबाबत आपल्याकडे विशेष ढिलाई दिसते. लहान तालुक्यात रुग्णाचे वय, व्यवसाय व गाव एवढे छापले तरी तो कोण हे अख्ख्या गावाला कळते. नाव गाळले म्हणजे गुप्तता राखली असे होत नाही.

औषधाने त्रास झाल्याचा संशय आला तर काय लिहावे, याची दिशा यकृतविकारांसाठी वापरल्या जाणाऱ्या रुकाम या गुणपद्धतीत मिळते. औषध सुरू केव्हा झाले, त्रास केव्हा सुरू झाला, औषध थांबविल्यावर उतार पडला काय, कावीळ उत्पन्न करणारी इतर कारणे तपासली काय, सोबत आणखी कोणती औषधे चालू होती, हे सर्व त्यात पाहिले जाते. उपशय-अनुपशयाचा विचार करणाऱ्या वैद्यास ही रीत परकी वाटू नये. मात्र खात्रीसाठी तेच औषध मुद्दाम पुन्हा देऊन पाहणे सर्वथा वर्ज्य समजावे. अशी माहिती कळविण्याची सोयही आहे. आयुर्वेदीय औषधांसाठी औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला होता, आणि पुढे मंत्रालयाने नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत त्याचे समन्वय केंद्र नेमले. निबंध लिहिण्यास सवड नसेल त्याने निदान तेथील नमुना भरून पाठवावा.

हितसंबंध उघड करण्याची बाब फार्मसी चालविणाऱ्या लेखकांसाठी अधिक नाजूक आहे. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात मे १९९१ मध्ये महर्षी आयुर्वेदावर एक लेख आला. तेथे आयुर्वेदास एवढे मानाचे स्थान मिळाल्याचा आनंद अल्पकाळ टिकला. लेखकांचे त्या उत्पादनांशी संबंधित संस्थांशी आर्थिक संबंध होते व ते त्यांनी कळविले नव्हते, हे उघड झाले. नियतकालिकाने ऑगस्टमध्ये दुरुस्ती छापली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच विषयावर सविस्तर शोधवृत्त दिले. लेखात औषधांविषयी काय म्हटले होते हे मागे पडले. लपवाछपवीच लोकांच्या लक्षात राहिली. स्वतःच्या फार्मसीच्या कल्पावर लेख लिहिणे हा गुन्हा नाही. लेखाच्या खाली एका ओळीत ‘हे औषध लेखकाच्या फार्मसीत तयार होते’ असे छापले की वाचक आपले तारतम्य वापरू शकतो.

पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांविषयी थोडेच सांगतो, कारण त्यांचे टपाल आपल्या सर्वांकडे येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या १००९ नियतकालिकांची तपासणी पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये मार्च २०१८ मध्ये आला, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असू शकतात असे दिसले. कित्येकांचे पत्ते वा संपादकांची नावे मिळेनात, कित्येकांनी क्रमांक व मानांकने खोटी दिली होती. डॉ. पटवर्धन हे आयुर्वेद संशोधनाच्या क्षेत्रातलेच, त्यामुळे ही झाडाझडती बाहेरच्याने केली असेही म्हणता येत नाही. बढतीसाठी किंवा भिंतीवर लावावयाच्या प्रमाणपत्रासाठी अशा ठिकाणी निबंध देणाऱ्याचा खरा अनुभवही त्या ढिगाऱ्यात पुरला जातो. ज्याने रुग्ण पाहिला नाही वा मजकूर लिहिला नाही अशा वरिष्ठाचे नाव केवळ आदरापोटी लेखकांत घालण्याची प्रथाही याच रोगाचे लक्षण होय.

राहिला आपल्यासारख्या संघटनांच्या त्रैमासिकांचा प्रश्न. ती फार्मसींच्या जाहिरातींवर चालतात, यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु एखाद्या कल्पावरील लेख आणि त्याच कल्पाची जाहिरात समोरासमोरच्या पानांवर येऊ नयेत, जाहिरातदाराने पुरविलेला मजकूर लेख म्हणून छापला जाऊ नये आणि प्रत्येक अंकात निदान एक रुग्णवृत्त अपयशाचे किंवा त्रासाचे असावे, असे आम्ही संपादक मंडळास सुचवितो. अशा वृत्तांतात वैद्याचे नाव गुप्त ठेवण्यास हरकत नसावी; मात्र औषधाचे नाव, बॅच क्रमांक व दुकानदाराने राखलेल्या नमुन्याची नोंद त्यात असलीच पाहिजे.