एका गावाचे दोन धनी : पालखेड, १७२८

राज्याराज्यांतील व्यवस्था म्हणजे डोक्यावर कोणी सर्वाधिकारी नसतानाही परस्परांना मान्यता देण्याचे, करार पाळण्याचे आणि युद्धालाही मर्यादा घालण्याचे संकेत. त्यांचा आरंभ बहुधा युरोपातील १६४८च्या वेस्टफालियाच्या तहापासून सांगितला जातो आणि एका सीमेच्या आत एकच सत्ता हा त्यांचा गाभा मानला जातो. दख्खनचा अनुभव या चौकटीत बसत नाही, आणि त्याची सर्वांत स्पष्ट साक्ष छत्रपती संभाजीनगरजवळच, वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे मिळते.

पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१९मध्ये दिल्लीच्या मोगल बादशहाकडून साताऱ्याच्या छत्रपती शाहूंसाठी दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे आणखी दहा टक्के, यांच्या सनदा आणल्या. त्यामुळे शंभर रुपये आकाराच्या एखाद्या गावावर मोगलांच्या दख्खनच्या सुभेदाराचा, म्हणजे पुढे निजामाचा, अंमल असला तरी त्यातले पस्तीस रुपये साताऱ्याचे ठरत, एकाच पांढरीवर, म्हणजे गावठाणावर, दोन सरकारांचे कारकून येत, आणि दोघेही आपला हक्क त्याच बादशाही शिक्क्यावरून सांगत. १७२४नंतर जवळपास स्वतंत्र झालेला निजामुल्मुल्क बादशहाचे नाव सोडत नव्हता, ते याच कारणाने.

निजामाने ही वसुली अडवली ती सनद नाकारून नव्हे, तर शाहू आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांपैकी खरा छत्रपती कोण, असा वाद पुढे करून. म्हणजे भांडण भूमीचे कमी आणि मान्यतेचे अधिक होते. तेव्हा शाहूंचे पेशवे बाजीराव यांनी जालना, खानदेश, गुजरात अशी हुलकावणी देत अखेर औरंगाबादकडे मोर्चा वळवला, आणि जड तोफखाना मागे ठेवून धावलेली निजामाची फौज फेब्रुवारी १७२८मध्ये पालखेडजवळ वेढली जाऊन पाण्यावाचून अडली.

पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यात निजामाचा मुलूख तोडून घेतला गेला नाही, याला फार महत्त्व दिले पाहिजे : शाहूंची मान्यता, थकबाकी आणि वसुलीचे मराठी अंमलदार पुन्हा नेमणे, एवढ्यावरच भागले. आपल्या आश्रयाला असलेल्या संभाजीराजांना स्वाधीन करण्यास निजामाने नकार दिला आणि तोही चालवून घेतला गेला, कारण आश्रिताला न सोपवणे हाही त्या व्यवस्थेचाच संकेत होता.

स्पष्ट सीमारेषा आखली गेली ती तीन वर्षांनी, १७३१मध्ये, आणि ती दोन चुलतबंधूंमध्ये : शाहू व संभाजीराजे यांच्या तहाने वारणा नदी सातारा आणि कोल्हापूर यांची हद्द झाली.