आयव्हरी की ऑफ-व्हाइट? शेड कार्डावर ठरवू नका

परवा एका ओळखीच्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये नवरा-बायकोची चांगलीच जुंपली होती. तो आयव्हरीवर अडून, ती ऑफ-व्हाइटवर. मी इंटिरियरची कामं करतो, तरी लांबून मलाही दोन्ही सारखेच दिसत होते!

फिकट रंगांत फरक असतो तो आतल्या झाकेचा. कुणात पिवळसर, कुणात गुलाबी, कुणात राखाडी. दोन्ही शेड झेरॉक्सच्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, लपलेली झाक लगेच उघडी पडते.

मग उजेड बघा. उत्तरेच्या खिडकीतला उजेड जरा निळसर. तिथे राखाडी झाक उदास दिसते, आयव्हरी शोभतो. पण पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी तोच आयव्हरी चक्क पिवळा!

दिवेही विसरू नका. ३००० केल्विनचा वॉर्म एलईडी आणि ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब, यांच्याखाली एकच भिंत दोन रंगांची वाटते.

लादी तर बदलता येत नाही. क्रीम टाइल्स असतील तर राखाडी झाकेची भिंत शेजारी मळकट दिसू शकते.

सॅम्पल डबा आणा, पण थेट भिंतीवर लावू नका. शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. भिंत बदलूनही बघा.

तुमचंही दोन शेडमध्ये अडलंय? खिडकीची दिशा, लादीचा रंग आणि दिवे कोणते ते कमेंटमध्ये लिहा, सांगतो.