गाव बुडाले, गावपण तरले



दर वर्षी मे महिन्यात साळावली धरणाचे पाणी ओसरले की सांगे तालुक्यातील कुर्डी गाव पुन्हा उघडे पडते. घरांचे चौथरे, जुन्या वाटा आणि सुकलेली खोडे दिसू लागतात. त्या दिवसांत कुर्डीकर तेथे परततात. ख्रिस्ती बांधव कपेलाचा सण करतात, हिंदू बांधव सोमेश्वराचा उत्सव करतात. पाऊस लागला की गाव पुन्हा पाण्याखाली जाते.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. भात, नारळ, काजू, आंबा, फणस यांवर येथील संसार चालत. धरणासाठी सुमारे 3,000 माणसांना घरे सोडावी लागली आणि 1986 पर्यंत गाव बुडाले. लोक वाडे व वालकिणी येथे वसले. जुने महादेव मंदिर दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. खाचराची काळजीने कमावलेली माती मात्र अशी उचलून नेता येत नाही. दक्षिण गोव्याला धरणाचे पाणी मिळाले. तरी 2019 सालीही वाडे येथील लोकांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत होती.

नव्या जागी बसणाऱ्याने काय करावे? जांभ्या उतारावर पाणी थांबत नाही. म्हणून पहिल्या पावसाआधी समपातळीवर चर खणावेत. काजूची कलमे सात-आठ मीटर अंतरावर लावावीत, बुंध्याशी पालापाचोळा घालावा. कलमाला तिसऱ्या वर्षापासून फळ धरू लागते. तोवर मधल्या जागेत कुळीथ, भाजी, मिरची घ्यावी. जुन्या गावचे बियाणे दोन-तीन घरांत वाटून ठेवावे. एकाचे गेले तरी दुसऱ्याचे राहते. विहिरीचे पाणी उकळून प्यावे. डबकी बुजवावीत, म्हणजे हिवताप दूर राहील.

आणखी एक गोष्ट. घर सुटल्याचे दुःख म्हाताऱ्या माणसांना फार लागते. जेवण कमी होते, झोप जाते, बोलणे बंद होते. "आता विसरा" असे त्यांना म्हणू नये. त्यांना बोलू द्यावे, बी निवडायला बसवावे, नातवंडांना शेताची नावे सांगू द्यावीत. कुर्डीकर वर्षातून एकदा एकत्र जमतात ते याचसाठी. जमीन गेली तरी शेजार टिकवता येतो, आणि शेजाराच्या आधारानेच नवे शेत उभे राहते.