स्मृतीचा ताबा कोणाकडे? कॅशेच्या पाच दशकांचा मागोवा

डिस्कवरून माहिती वाचण्यास मुख्य स्मृतीपेक्षा, म्हणजे रॅमपेक्षा, कितीतरी पट अधिक वेळ लागतो. म्हणून एकदा वाचलेला मजकूर पुन्हा लागेल या अपेक्षेने रॅममध्ये राखून ठेवण्याची जी व्यवस्था असते तिला कॅशे म्हणतात. ही राखण ऑपरेटिंग सिस्टीमने करावी की तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वतः, हा वाद जुना आहे आणि त्याचे परिणाम सामान्य माणसापर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाल्यापासून पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावाच्या जमिनीचा उताराही सर्व्हरवरील डेटाबेसमधूनच निघू लागला. सातबारा वाचला जातो वारंवार आणि बदलतो क्वचित, म्हणजे तो कॅशेला अत्यंत अनुकूल आहे. मात्र बदलल्यानंतर त्याची जुनी प्रत हाती पडणे घातक असल्याने या वादातील जवळजवळ प्रत्येक मुद्दा त्याला लागू होतो.

केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात हे काम पूर्णपणे सिस्टीमकडे होते. प्रोग्रामने केवळ वाचण्या-लिहिण्याची मागणी करावी. कोणते ब्लॉक, म्हणजे डिस्कवरील मजकुराचे ठरावीक आकाराचे तुकडे, रॅममध्ये ठेवायचे, पुढचा तुकडा आधीच कधी आणायचा आणि बदललेला तुकडा डिस्कवर कधी उतरवायचा, हे सिस्टीमने ठरवावे, अशी ती रचना होती. संपूर्ण यंत्राची गरज एकाच वेळी दिसणारा घटक सिस्टीमच असल्याने एका प्रोग्रामला नको असलेली जागा दुसऱ्याला सहज देता येते, शिवाय प्रोग्राम बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी आणलेला मजकूर रॅममध्ये टिकून राहतो.

या रचनेवरील सर्वांत मूलगामी आक्षेप मायकेल स्टोनब्रेकर यांनी इन्ग्रेस या डेटाबेसच्या अनुभवावरून १९८१ मध्ये नोंदवला. पीडीपी-११/७० यंत्रावरील युनिक्समध्ये सिस्टीमच्या कॅशेतून अवघे ५१२ बाइट मिळवण्यासाठी पाच हजारांहून अधिक सूचना खर्ची पडतात, हा त्यांचा एक मुद्दा होता. दुसरा असा की ज्याचा वापर होऊन सर्वाधिक काळ लोटला तो तुकडा आधी काढून टाकण्याचा सिस्टीमचा नियम, एखादा मोठा तक्ता क्रमाने पुन्हापुन्हा वाचताना, नेमका पुढे लागणारा तुकडाच बाहेर घालवतो. तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर होता. उदाहरणार्थ, सातबाऱ्यावर वारसाची नोंद करताना प्रस्तावित बदलाची टिपणी आधी डिस्कवर पोहोचली पाहिजे आणि मूळ तक्त्याचे बदललेले पान त्यानंतरच उतरले पाहिजे, कारण मध्येच वीज गेल्यास त्या टिपणीवरूनच खरी स्थिती उभी करता येते. हा क्रम डेटाबेसला ठाऊक असतो, सिस्टीमच्या दृष्टीने मात्र दोन्ही केवळ तुकडे असतात.

पुढील काळात मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबीसारख्या यंत्रणांनी स्वतःचा कॅशे बाळगला आणि सिस्टीमचा कॅशे टाळून थेट डिस्कशी व्यवहार करण्याची सोय स्वीकारली. त्याची किंमत अशी की कॅशेचा आकार व्यवस्थापकाला ठरवावा लागतो: तो लहान पडला तर रॅम पडून राहते आणि डिस्कवरील हेलपाटे वाढतात, अवाजवी मोठा झाला तर यंत्राची स्मृती अपुरी पडते. स्टोनब्रेकर यांच्याच बर्कलेतील प्रकल्पातून १९८६ नंतर घडत गेलेल्या पोस्टग्रेसने मात्र, आश्चर्य वाटावे असा, मधला मार्ग धरला. त्याच्याच आजच्या रूपाच्या, म्हणजे पोस्टग्रेसक्यूएलच्या, अधिकृत दस्तऐवजात डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर रॅमचा सुमारे २५ टक्के भाग स्वतःच्या कॅशेला देण्याचा सल्ला आहे आणि उरलेल्या रॅमसाठी भिस्त सिस्टीमवरच आहे. त्यामुळे एकच पान दोन्ही ठिकाणी साठण्याचा अपव्यय सोसावा लागतो.

या भिस्तीचा धोका २०१८ मध्ये उघड झाला. डिस्कवर लिहिताना चूक झाल्यास लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम ती एकदा कळवून न उतरलेले पानही उतरल्याचे मानू शकत असे, त्यामुळे पोस्टग्रेसक्यूएलने पुन्हा प्रयत्न केल्यावर खोटे यश पदरी पडत असे. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून अशी चूक होताच डेटाबेस स्वतःला थांबवून टिपणीवरून स्थिती उभारतो. वेगाला प्राधान्य देणाऱ्यांना हा उपाय कठोर वाटेल, पण मालकी हक्काच्या नोंदींसाठी तोच योग्य आहे.

डेटाबेसच्याही वरचा, तयार उत्तरे जपणारा थर २००३ मधील मेमकॅशडी या सॉफ्टवेअरमुळे सर्वत्र रुळला. त्याचा वेग मोठा आहे, परंतु जुने उत्तर कधी टाकायचे याची जबाबदारी तो सर्वस्वी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर टाकतो. मायएसक्यूएलमधील प्रश्नांच्या उत्तरांचा अंगभूत कॅशे याउलट इतका सावध होता की तक्त्यात एक ओळ बदलली तरी त्या तक्त्यावरील सारी उत्तरे रद्द करी; अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर तो अडथळाच ठरला आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीतून वगळण्यात आला.

अभिलेखांच्या सर्व्हरपुरता या साऱ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. कधीही न बदलणाऱ्या, स्कॅन केलेल्या जुन्या कागदांसाठी सिस्टीमचा कॅशे पुरेसा आहे, तर चालू नोंदींच्या लेखनाचा क्रम डेटाबेसच्याच ताब्यात हवा. तयार सातबाऱ्याची प्रत जपायचीच असेल, तर मंडळ अधिकाऱ्याने फेरफार, म्हणजे नोंदीतील बदल, प्रमाणित करताच ती रद्द होण्याची तजवीज आधी करावी, आणि ती करता येत नसेल तर हा वरचा थर ठेवूच नये.